मोटारीच्या विद्युत प्रणालीचा पाया घालणारे चार्ल्स केटरिंग

मोटारीची किल्ली फिरवली किंवा बटण दाबले की इंजिन सुरू होते. आपल्याकडील गॅरेजमध्ये या क्रियेला ‘सेल्फ मारणे’ म्हणतात. गाडीच्या पुढच्या बाजूला लोखंडी हँडल घालून, पाय रोवून ते जोराने फिरवणारे चालक ज्या पिढीने पाहिले आहेत, तिला ‘सेल्फ’ या छोट्याशा शब्दाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. हा सेल्फ, त्याला वीज पुरवणारी बॅटरी, ती बॅटरी पुन्हा भरणारा डायनामो, दिवे आणि इंजिनातील ठिणगी या सर्वांना एका सूत्रात बांधणारे अभियंते म्हणजे अमेरिकेचे चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. आधुनिक वाहनाच्या विद्युत प्रणालीचा आराखडा त्यांनी शतकापूर्वी आखून दिला. दोष शोधण्याची त्यांची पद्धत आजही अनुकरणीय मानावी लागते. मात्र त्याच पद्धतीने गाठलेल्या एका यशाची फार मोठी किंमत जगाला मोजावी लागली. त्यामुळे त्यांचे चरित्र केवळ गौरवगाथा राहत नाही.

शेत, शाळा आणि टेलिफोनच्या तारा

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिल या गावाजवळच्या शेतावर झाला. पाच भावंडांत ते चौथे. घरची स्थिती बेताची होती आणि दृष्टी लहानपणापासून अधू होती. वाचन वाढले की डोळे दुखत आणि डोके असह्य ठणके. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली, पैसे साठवले आणि ओहायो राज्य विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. डोळ्यांनी पुन्हा दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सोडावे लागले.

या सक्तीच्या खंडात त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत काम केले. खांब रोवणे, तारा ओढणे, एक्स्चेंज उभारणे अशी ही मेहनतीची कामे होती. तारेतून आवाज जात नसेल तर दोष कोठे आहे हे पुस्तकात पाहून कळत नाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे टप्प्याटप्प्याने तपासत जावे लागते. विजेचा असा प्रत्यक्ष परिचय त्यांना वर्गाबाहेर झाला. याच काळात टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम करणाऱ्या ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी त्यांची ओळख झाली. १९०५ मध्ये दोघांचा विवाह झाला.

प्रकृती सुधारल्यावर ते विद्यापीठात परतले. पुस्तके स्वतः फार वाचता येत नसल्याने सहाध्यायी त्यांना पाठ मोठ्याने वाचून दाखवीत. अशा रीतीने १९०४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली.

गल्लापेटीतील छोटी मोटर

पदवीनंतर केटरिंग डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत दाखल झाले. दुकानांतील गल्लापेट्या तेव्हा हाताने दांडा फिरवून चालवाव्या लागत. त्या विजेवर चालवण्याचे काम त्यांच्याकडे आले. अडचण आकाराची होती. सतत चालणारी, पुरेशी ताकदवान मोटर त्या पेटीत मावण्याजोगी नव्हती. केटरिंग यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. गल्लापेटीची मोटर दिवसभर चालवायची नसते. तिला एका क्षणापुरता जोर लावायचा असतो आणि पुढच्या गिऱ्हाईकापर्यंत विश्रांती मिळते. क्षणभर तिच्यातून क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह गेला तरी ती तापून जळण्याआधीच काम संपलेले असते. या विचारातून १९०६ मध्ये विजेवर चालणारी गल्लापेटी तयार झाली. पुढे मोटारीच्या इतिहासाला वळण देणारी कल्पना ती हीच.

याच कंपनीतील वरिष्ठ अधिकारी एडवर्ड डीड्स यांच्याशी त्यांचे मैत्र जुळले. डीड्स यांच्या घरामागील कोठारात रात्री आणि सुटीच्या दिवशी काही सहकारी एकत्र येऊन मोटारीच्या विद्युत उपकरणांवर प्रयोग करू लागले. त्यांचे पहिले लक्ष्य होते ठिणगी.

पेट्रोलच्या इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण योग्य क्षणी ठिणगीने पेटवावे लागते. त्या काळातील अनेक मोटारींत कंप पावणारी कॉइल ठिणग्यांचा वर्षाव करीत असे. त्यात कोरड्या बॅटऱ्या लवकर संपत आणि ठिणगीची वेळही नेमकी साधत नसे. केटरिंग यांनी प्रत्येक स्फोटासाठी एकच, पण जोरदार ठिणगी देणारी रचना तयार केली. वीज वाचली, बॅटरीचे आयुष्य वाढले आणि इंजिन अधिक सुरळीत चालू लागले. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी हे संच मोठ्या संख्येने मागवले. मागणी पुरवण्यासाठी १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन झाली. तिच्या आद्याक्षरांतून तयार झालेले ‘डेल्को’ हे नाव पुढे जगभरच्या गॅरेजमध्ये परिचित झाले. बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटर ही ठिणगीची साखळी इलेक्ट्रॉनिक इग्निशन येईपर्यंत टिकली. भारतात ॲम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीचे पॉइंट घासून साफ करणाऱ्या मेकॅनिकांच्या हाताखालूनही तीच गेली.

हँडलचा अंत

इंजिन सुरू करण्याचा प्रश्न मात्र तसाच होता. हँडल फिरवताना ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटा झटका देई. हँडल हातातून निसटून मनगट मोडणे ही नित्याची बाब होती. लेलँड यांचे परिचित मोटार उत्पादक बायरन कार्टर यांचा अशाच अपघातानंतर मृत्यू झाला आणि त्यामुळे व्यथित होऊन लेलँड यांनी हँडल हद्दपार करण्याचा निश्चय केला, असे मोटार उद्योगात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

विजेच्या मोटरने इंजिन फिरवण्याची कल्पना नवी नव्हती. तज्ज्ञांचे गणित तिच्या आड येत होते. थंड इंजिन फिरवायचे तर मोटर आणि बॅटरी इतकी अवजड होईल की गाडीत इतर कशालाच जागा उरणार नाही, असा निष्कर्ष निघत असे. केटरिंग यांना गल्लापेटी आठवली. स्टार्टरलाही काही सेकंदच काम करायचे असते. तेवढ्या वेळेपुरता छोट्या मोटरवर मोठा भार टाकता येतो. अनेक महिन्यांच्या अहोरात्र परिश्रमांनंतर फेब्रुवारी १९११ मध्ये कॅडिलॅकमध्ये स्टार्टरचे प्रात्यक्षिक यशस्वी झाले. १९१२ च्या नमुन्यासाठी कंपनीने १२,००० संचांची मागणी नोंदवली. केवळ प्रयोगशाळा म्हणून जन्मलेल्या डेल्कोला त्यासाठी कारखाना उभारावा लागला. या प्रणालीसाठी कॅडिलॅकला ब्रिटनचा प्रतिष्ठेचा ड्युअर चषक मिळाला.

स्टार्टरइतकेच महत्त्व त्याभोवतीच्या रचनेला होते. एकच यंत्र आधी मोटर बनून इंजिन फिरवीत असे आणि इंजिन सुरू झाल्यावर त्याच्याच शक्तीवर फिरून वीज निर्माण करीत असे. ती वीज बॅटरीत साठे, दिव्यांना मिळे आणि ठिणगीलाही पुरे. बॅटरी अवाजवी भरली जाऊ नये म्हणून नियंत्रण ठेवणारी योजनाही त्यात होती. कार्बाइडचे दिवे, कोरड्या बॅटऱ्या आणि हँडल अशी तीन वेगवेगळी साधने जाऊन एक अखंड विद्युत प्रणाली आली. शारीरिक बळाची अट संपल्याने महिला आणि वयस्कर व्यक्तींसाठी मोटार चालवणे सुकर झाले. हँडल नको म्हणून बॅटरीवरील मोटारी घेणारा ग्राहक पेट्रोलकडे वळला आणि त्या काळातील विजेवरील मोटारींच्या पिछेहाटीला हेही एक कारण ठरले. स्वस्त मोटारीचा पर्याय मानल्या गेलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्येही १९१९ पासून विजेचा स्टार्टर मिळू लागला.

आजच्या गॅरेजमधील वारसा

आज एका मोटारीत अनेक छोटे संगणक असतात आणि ते परस्परांशी तारांच्या सामाईक जाळ्यातून संवाद साधतात. बिघाड झाला की तंत्रज्ञ स्कॅनर जोडून दोषाचा सांकेतिक क्रमांक वाचतो. तरीही केटरिंग यांनी आखलेला मूळ मार्ग बदललेला नाही. बॅटरीकडून स्टार्टरकडे जाणारी जाड केबल, तेथून इंजिन आणि सांगाड्यामार्फत बॅटरीकडे परतणारा अर्थिंगचा मार्ग आणि इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर हा कणा आजही कायम आहे.

किल्ली फिरवल्यावर केवळ ‘टक’ असा आवाज आला आणि इंजिन फिरले नाही, तर स्टार्टरच निकामी झाला असे मानून तो बदलण्याची घाई अनेकदा केली जाते. जाणकार तंत्रज्ञ आधी मीटर हाती घेतो. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली गेला तर संशय बॅटरीवर जातो. बॅटरीपाशी दाब टिकून आहे, पण स्टार्टरपाशी तो पोहोचत नाही, असे दिसले तर दोष मधल्या केबलमध्ये, गंजलेल्या टर्मिनलमध्ये किंवा ढिल्या अर्थिंगमध्ये असतो. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळत नसतील तर अल्टरनेटर तपासावा लागतो. स्कॅनरवरील क्रमांक लक्षण सांगतो आणि कारण मात्र असे टप्प्याटप्प्यानेच शोधावे लागते. बॅटरीचा दाब घसरल्याने एकाच वेळी अनेक संगणक तक्रारी नोंदवतात आणि एक टर्मिनल घट्ट करताच त्या साऱ्या नाहीशा होतात, हा अनुभव गॅरेजमध्ये नवा नाही.

विशेष म्हणजे, एकाच यंत्राने इंजिन सुरू करावे आणि वीजही निर्माण करावी ही केटरिंग यांची कल्पना मधल्या काळात बाजूला पडली होती. स्टार्टर आणि डायनामो वेगळे झाले. आता सौम्य हायब्रिड मोटारींत आणि आवाज न करता सुरू होणाऱ्या काही स्कूटरमध्ये ती नव्या रूपात परतली आहे.

यशापयशाचा काळ

डेल्को १९१६ मध्ये विकली गेली आणि पुढे जनरल मोटर्समध्ये सामील झाली. केटरिंग १९२० पासून जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले आणि १९४७ पर्यंत त्या पदावर राहिले. वीज न पोहोचलेल्या शेतघरांसाठी त्यांनी ‘डेल्को लाइट’ नावाचा छोटा वीजनिर्मिती संचही आणला होता.

सर्वच प्रयोग सफल झाले नाहीत. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, तांब्याच्या पातळ पात्या असलेले इंजिन त्यांनी शेव्हरलेसाठी तयार केले. प्रयोगशाळेत ते उत्तम चालले. १९२३ मध्ये रस्त्यावर उतरताच ते अतितप्त होऊ लागले, त्याची शक्तीही घटली आणि तयार गाड्या कंपनीला परत घ्याव्या लागल्या. केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला. कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी तो स्वीकारला नाही.

अचूक निदान, घातक इलाज

केटरिंग यांच्या आयुष्यातील सर्वांत उल्लेखनीय निदान एका तक्रारीतून सुरू झाले. चढावर किंवा भार वाढल्यावर इंजिनातून ठोके पडल्यासारखा आवाज येई. जाणकारांनी दोष डेल्कोच्या ठिणगी प्रणालीवर ठेवला. कारण ही प्रणाली नवी होती आणि आवाजही नव्याने ऐकू येऊ लागला होता. आपल्या उपकरणावरील आरोप केटरिंग यांनी नुसता फेटाळला नाही. १९१६ मध्ये त्यांनी तो तपासण्याचे काम तरुण अभियंता थॉमस मिजली यांच्यावर सोपवले.

सिलिंडरमधील दाबाची चढउतार प्रकाशकिरणाच्या साह्याने नोंदवणारे उपकरण वापरून मिजली यांनी निरीक्षणे केली. ठोका ठिणगीच्या आधी नव्हे, तर ठिणगी पडून गेल्यानंतर पडतो, असे आढळले. म्हणजे ठिणगी निर्दोष होती. इंधनाचा न जळलेला भाग एकाएकी पेटल्याने तो आवाज होत होता. दोष विजेत नव्हता, पेट्रोलमध्ये होता.

पुढे इंधनाचा रंग गडद केला तर ते उष्णता अधिक शोषेल आणि ठोका थांबेल, असा तर्क झाला. हाताशी असलेले आयोडीन मिसळताच ठोका खरोखर कमी झाला. तर्क सिद्ध झाला असे म्हणून ते थांबले नाहीत. लाल रंगाची अन्य द्रव्ये मिसळून पाहिली, तेव्हा काहीही फरक पडला नाही. रंगहीन आयोडीन संयुग मात्र उपयोगी ठरले. रंगाचा संबंध नव्हता, रसायनाचा होता. योग्य उत्तर चुकीच्या कारणाने मिळाले नाही ना, हे पडताळण्याचा हा वस्तुपाठच होता. यानंतर असंख्य संयुगे तपासत ९ डिसेंबर १९२१ रोजी ते टेट्राएथिल लेड या शिसेयुक्त संयुगापर्यंत पोहोचले. अत्यल्प मात्रेत ते ठोका थांबवीत होते.

शिसे विषारी असते हे त्या वेळी सर्वज्ञात होते. मिजली यांना स्वतःला १९२३ च्या आरंभी शिशाच्या विषबाधेमुळे विश्रांती घ्यावी लागली होती. अल्कोहोल मिसळल्यानेही ठोका कमी होतो, हे या चमूला ठाऊक होते. तरीही १९२३ मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बाजारात आले आणि त्याच्या नावात शिशाचा उल्लेख नव्हता. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या एथिल कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंग होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील एका शुद्धीकरण कारखान्यात या संयुगामुळे पाच कामगारांचा मृत्यू झाला आणि अनेकांना भ्रमाच्या अवस्थेत रुग्णालयात न्यावे लागले. न्यूयॉर्क शहराने विक्रीवर बंदी घातली. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या परिषदेत ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या आरोग्यतज्ज्ञांनी तीव्र आक्षेप घेतला. केटरिंग यांनी तेथे शिसेयुक्त इंधनाची बाजू मांडली. पुढच्या वर्षी तज्ज्ञ समितीने बंदीस पुरेसा आधार नसल्याचे मत दिले आणि विक्री पुन्हा सुरू झाली.

मोटारींच्या धुरातून शिसे अनेक दशके हवेत, मातीत आणि मुलांच्या रक्तात मिसळत राहिले. या काळात त्याच्या सुरक्षिततेची ग्वाही देणारे बरेचसे संशोधन उद्योगाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या एका प्रयोगशाळेत झाले आणि तिला केटरिंग यांचेच नाव होते. १९६० च्या दशकात भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी आणि नंतर मुलांच्या बुद्धीवरील परिणाम अभ्यासणाऱ्या हर्बर्ट नीडलमन यांनी या ग्वाहीला छेद दिला. भारतात २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. २०२१ मध्ये अल्जीरियाने विक्री थांबवल्यानंतर मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून हद्दपार झाले. ज्या अल्कोहोलचा पर्याय त्या काळी बाजूला पडला, ते आज इथेनॉलच्या रूपाने भारतीय पेट्रोलमध्ये मिसळले जाते. महाराष्ट्रातील साखर कारखाने त्याच्या प्रमुख पुरवठादारांपैकी आहेत.

अखेरची वर्षे

१९३० च्या दशकात केटरिंग यांनी हलके आणि शक्तिमान दोन-स्ट्रोक डिझेल इंजिन विकसित करण्याच्या कामाचे नेतृत्व केले. १९३४ मध्ये अमेरिकेत धावलेल्या ‘बर्लिंग्टन झेफिर’ या वेगवान रेल्वेगाडीत असे इंजिन होते. वाफेच्या युगाचा शेवट करणाऱ्या डिझेल इंजिनांच्या त्या घराण्यातील पुढच्या पिढीची इंजिने भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ या लोकोमोटिव्हमध्येही आहेत.

१९४५ मध्ये स्लोन आणि केटरिंग यांच्या नावाने न्यूयॉर्क येथे कर्करोग संशोधन संस्था स्थापन झाली. उद्योगातील संघटित संशोधनाची पद्धत वैद्यकात आणावी, हा तिचा हेतू होता. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, पत्नी ऑलिव्ह यांचे कर्करोगाने निधन झाले. वनस्पती सूर्यप्रकाशापासून अन्न कसे तयार करतात, या प्रश्नाचाही त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्यांच्या नावावर १८० हून अधिक पेटंट नोंदली गेली. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डेटनलगतच्या एका शहराला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले होते. फ्लिंट येथील जनरल मोटर्सची जुनी तंत्रसंस्थाही आता केटरिंग विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

दोष जेथे दिसतो तेथेच असतो असे न मानता कारणाच्या मुळापर्यंत जाणे, ही केटरिंग यांची तंत्रज्ञांना मिळालेली देणगी आहे. वाहन दुरुस्तीच्या क्षेत्रात ती रोज उपयोगी पडते. शिसेयुक्त पेट्रोलच्या इतिहासाने तिला एक जोड दिली आहे. ठोका थांबला म्हणून दुरुस्ती पूर्ण झाली असे होत नाही. त्या दुरुस्तीने दुसरीकडे कोणते नुकसान केले, हेही तितक्याच कठोरपणे तपासावे लागते. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या नव्या युगात बॅटरीतील धातू कोठून येतात आणि वापर संपल्यावर त्या बॅटऱ्या कोठे जातात, असे प्रश्न विचारले जात आहेत. त्यांची उत्तरे शोधणाऱ्यांना केटरिंग यांच्या चरित्राच्या या दोन्ही बाजू ठाऊक असणे उपयुक्त ठरेल.